मुलांसह आयर्लंड: दोन दुरुस्त्या आणि एक विनंती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आठ दिवसांत संपूर्ण आयर्लंड मोटारीने कसे पाहून घ्यावे, हे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत वाचला. त्या देशाच्या निसर्गाचे लेखकाने केलेले वर्णन खरे आहे आणि ते वाचून अनेक घरांत पुढच्या मे महिन्याचे बेत सुरूही झाले असतील. म्हणूनच हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. ठाण्यातील पाचपाखाडीत राहणारे आम्ही पाच जण गेल्या मे महिन्यात आयर्लंडच्या ग्रामीण भागात तेरा दिवस स्वतः गाडी चालवत फिरून आलो. सोबत माझी सहा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या. त्या अनुभवावरून सांगते की लेखात सुचवलेली फेरी लहान मुलांना घेऊन करण्याजोगी नाही, आणि त्यातील दोन विधाने तर सरळसरळ चुकीची असून वाचकांना अडचणीत आणणारी आहेत.

पहिले विधान असे, की शेंगेन व्हिसा हाती असला म्हणजे आयर्लंडसाठी वेगळे काही लागत नाही. आयर्लंड युरोपीय संघाचा सदस्य आहे, तेथे चलनही युरोच आहे, परंतु तो देश शेंगेन क्षेत्रात नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला सहसा आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो. दुसरे विधान असे, की उत्तर आयर्लंडच्या सीमेवर कोणी अडवत नसल्यामुळे जायंट्स कॉजवेचे खडक पाहायला निःशंक जावे. कोणी अडवत नाही हे खरे, पण सीमा आहेच. पलीकडचा प्रदेश युनायटेड किंगडमचा आहे आणि तेथे पाऊल ठेवायला आपल्याला त्या देशाची परवानगी लागते. आयर्लंडच्या व्हिसावर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची नोंद असेल तर त्याच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावे लागते. ती नोंद नसताना गाडी तशीच पुढे नेणे म्हणजे परवानगीवाचून दुसऱ्या देशात शिरणे होय. तेथे काही अपघात झाला, मूल आजारी पडले, विम्याचा प्रश्न आला, तर काय होईल याचा विचार लेखात कोठेही दिसला नाही.

आता फेरीविषयी. ठाण्यातील एका प्रवासी कंपनीने आम्हालाही असाच कार्यक्रम आखून दिला होता: रोज नवे हॉटेल, रोज चार-पाच तास गाडीत. मी तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर आठवडाभर लावून ठेवला आणि रोज त्यातील एकेक गाव खोडत गेले. अटलांटिक किनाऱ्याने जाणारा जो मार्ग त्या देशाने २०१४ मध्ये पर्यटकांसाठी आखला, तो एकटाच सुमारे २५०० किलोमीटरचा आहे. केरी परगण्यातील प्रसिद्ध फेरी, जिला रिंग ऑफ केरी म्हणतात, ती १७९ किलोमीटरची. म्हणजे ठाण्याहून नाशिकला जाण्यापेक्षा थोडी अधिक. आकडा पाहून माणसाला वाटते, सकाळी निघू आणि जेवायच्या वेळेला परत येऊ. पण तो रस्ता समुद्र आणि डोंगर यांच्यामधून वळणे घेत जातो, पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या त्यावरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात, आणि मागच्या आसनावरील मूल तिसऱ्या वळणाला हिरवेपिवळे पडलेले असते. आम्ही ती पूर्ण फेरी केलीच नाही. किलार्नी, डिंगल आणि क्लेअर परगणा अशा तीन ठिकाणी मुक्काम ठेवले, मुक्काम हलवण्याचे दिवस सोडले तर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही असे ठरवले, आणि एक दिवस सोडला तर ते पाळले. ज्या दिवशी ते पाळले नाही, त्या दिवशी डिंगलजवळच्या कॉनर खिंडीत आम्हाला दोनदा थांबून गाडी पुसावी लागली.

तेथील रस्त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण लेखात त्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, ही मोठीच सोय आहे. वैध भारतीय परवान्यावर पर्यटकाला १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, तरी भाड्याने गाडी देणारे आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात, म्हणून आम्ही तो आरटीओतून काढून नेला होता. डब्लिनभोवतालच्या एम-५० महामार्गावर टोलनाका दिसतच नाही. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरावे लागतात. आपण फास्टॅगच्या सवयीने निश्चिंत राहिलो तर दंड होतो. शहर सुटले की रस्ते अरुंद होत जातात आणि शेवटी अशा वाटेवर येऊन पोहोचतो की दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कुंपण, मधोमध गवताची पट्टी आणि समोरून ट्रॅक्टर. या वाटेला तेथे बोरीन म्हणतात. आयरिश भाषेत रस्त्याला जो शब्द आहे तो 'बो', म्हणजे गाय, या शब्दावरून आलेला. त्याचेच हे लहान रूप. आपल्याकडे गुरे आणि बैलगाडी जाण्यापुरती जी पाणंद असते, तीच ही. २०२५ च्या फेब्रुवारीपासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे, आणि अनेक ठिकाणी ताशी तीसही जास्त वाटतात. समोरून गाडी आली की ज्याच्या मागे जागा असेल तो मागे जातो आणि जाताना दुसरा चालक सुकाणूवरून एक बोट उचलून त्याचे आभार मानतो. तिसऱ्या दिवसापासून मागच्या आसनावरील दोन्ही मुले प्रत्येक गाडीला बोट दाखवू लागली, आणि एकाही चालकाने त्यांना उत्तर दिल्यावाचून गाडी पुढे नेली नाही.

रस्त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेले दोन शब्द मुलाने 'गो मॉल' असे वाचले आणि जवळपास मॉल आहे का, असे विचारले. ठाण्यात वाढलेल्या मुलाचा समज तसाच होणार. ती आयरिश भाषा होती आणि तिचा अर्थ 'हळू' असा होता. मला वाटते, सहलीच्या नियोजनाचा सगळा मुद्दा त्या दोन शब्दांत आहे.

हळू गेल्यामुळे मुलांच्या हाती काय लागले, ते सांगते. किलार्नीजवळ आम्ही एका शेतकरी कुटुंबाच्या घरी चार रात्री राहिलो. मक्रॉसची मालमत्ता १९३२ मध्ये देशाला भेट मिळाली आणि तिच्यातून आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान तयार झाले; तेथील तांबड्या हरणांचा कळप पाहायला आम्ही दोनदा गेलो, कारण पहिल्या दिवशी पावसाने काहीच दिसू दिले नव्हते. येऊरच्या जंगलात सकाळी फिरायला जाणाऱ्या माझ्या मुलाला दुसऱ्यांदा जाणे स्वाभाविक वाटले. आठ दिवसांच्या कार्यक्रमात दुसऱ्यांदा जायला जागाच नसते. शेतावर धाकटीने एका अनाथ कोकराला बाटलीने दूध पाजले. मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या आणि लाल रंगाचे पट्टे कशासाठी, असे तिने विचारले, तेव्हा घरमालकीणबाईंनी तिला डोंगरावर नेऊन दाखवले, की वर कुंपण नाही, सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात आणि रंगावरून कोणाची कोणती ते ओळखतात. आपल्या धनगरांनाही आपापली मेंढरे ओळखावी लागतात, हे सासूबाईंनी तिला रात्री सांगितले. त्या दिवशी आम्ही एकूण चौदा किलोमीटर गाडी चालवली.

डिंगलच्या द्वीपकल्पाचा पश्चिम भाग आयरिश भाषकांचा आहे. अशा प्रदेशात रस्त्यांवरील पाट्या आयरिशमध्येच असतात, त्यामुळे येथे जाणाऱ्यांनी गावांची आयरिश नावे आधी लिहून न्यावीत. नकाशावर एक नाव आणि पाटीवर दुसरे, अशी गत होते. खुद्द डिंगलचे नाव पाटीवर फक्त आयरिशमध्ये असावे असे सरकारने ठरवले, तेव्हा गावकऱ्यांनी २००६ मध्ये मतदान करून दोन्ही भाषांतील नावे मागितली. ही हकिगत मी मुलाला सांगितली, कारण पाट्यांची भाषा हा विषय त्याच्या कानावरून घरी अनेकदा गेलेला आहे. वाट देण्याच्या खुणेवरील 'गेल श्ली' हे शब्द त्याने पाठ केले. किराणा दुकानातील मुलगी तिच्या आईशी आयरिशमध्ये बोलताना ऐकून धाकटीने मला हळूच विचारले, की आपण मराठी बोलतो तशी ही त्यांची भाषा का. निघताना दोन्ही मुलांनी तिला 'स्लान' म्हणून निरोप दिला. गॅलरसचे छोटे प्रार्थनास्थळ याच भागात आहे: चुन्यामातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून बांधलेले, उलट्या नावेच्या आकाराचे. समोरच्या समुद्रात ग्रेट ब्लास्केट हे बेट दिसते. तेथील शेवटच्या रहिवाशांना १९५३ मध्ये मुख्य भूमीवर हलवावे लागले. बंदरावर फंगी नावाच्या डॉल्फिनचा पुतळा आहे. तो १९८३ पासून २०२० पर्यंत त्या खाडीत एकटाच राहिला आणि मग दिसेनासा झाला. धाकटीसाठी आयर्लंड म्हणजे आजही फंगीचा देश आहे.

डिंगलहून क्लेअरला जाताना शॅनन नदीच्या मुखाशी गाडीसकट फेरीबोटीत चढावे. वीस मिनिटांचा प्रवास आहे आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. भाईंदर-वसईच्या रो-रो बोटीतून गेलेल्या मुलांना त्याचे नवल वाटणार नाही असे मला वाटले होते. पण बोटीच्या कठड्यावरून त्यांना कोणी हलवू शकले नाही.

क्लेअरमधील बरेन हा चुनखडीच्या उघड्या कातळांचा प्रदेश माझ्या सासूबाईंना सर्वांत जास्त आवडला. त्या राजापूरकडच्या. मैलोगणती पसरलेल्या, दगडावर दगड ठेवून केलेल्या बुटक्या भिंती पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "हे तर आपले गडगे." आणि मग गाडीतून उतरून त्यांनी नातवंडांना दाखवले, की मोठा दगड खाली का ठेवतात, सांध्यावर सांधा का येऊ देत नाहीत, फटी का सोडतात. तोवर सहलीत त्यांची भूमिका मुलांना सांभाळण्याची होती. त्या दिवसापासून मुले वाटेत काहीही दिसले की आजीला विचारू लागली. कातळाच्या भेगांत मे महिन्यात जेन्शियनची गडद निळी फुले उमलतात, तीही आजीनेच वाकून शोधली. पुलनाब्रोन येथे मोठमोठ्या शिळांचे सुमारे ५८०० वर्षांपूर्वीचे थडगे उभे आहे. १९८६ आणि १९८८ च्या उत्खननांत तेथे किमान ३३ जणांचे अवशेष सापडले. मोहेरचे कडे आम्ही पाहिले, २१४ मीटर उंचीचे आहेत, वारा भयंकर असतो, लहान मुलांचा हात सोडू नये. त्यापलीकडे त्यांच्याविषयी लेखात पुरेसे आले आहे.

शेतांच्या मध्यभागी एकटेच उभे असलेले पांढऱ्या फुलांचे काटेरी झाड दिसले, की ते कोणी तोडलेले नसते. हे झाड यक्षिणींचे आहे अशी श्रद्धा आहे. याच परगण्यात लाटून येथे १९९९ मध्ये महामार्गाच्या आड असे एक झाड आले, लोकांनी आवाज उठवला आणि शेवटी रस्ता झाड राखून बांधला गेला. देवराई आणि पिंपळावरचा मुंजा ठाऊक असलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावी लागली ती छपरे नसलेली दगडी घरे. ती इतकी का, आणि त्यांतील माणसे कोठे गेली, असे मुलाने अनेकदा विचारले. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, गरिबांचे मुख्य अन्नच ते होते, सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि आणखी सुमारे दहा लाखांनी देश सोडला. हे त्याला एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसून सांगितले. माझे वडील बार्शीकडचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांच्या आणि सुकडीच्या गोष्टी त्याने त्यांच्याकडून ऐकल्या आहेत. त्याने दोन्हींची सांगड स्वतःच घातली. धावत्या बसच्या खिडकीतून असे घर दिसते आणि मागे पडते.

शेवटचे दोन दिवस डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या खोऱ्यात राहिलो. न्यूग्रेंजचे थडगे इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुने आहे. आत जायचा मार्ग १९ मीटरचा आणि इतका अरुंद, की मोठ्यांना अंग चोरावे लागते आणि मुले सरळ पुढे जातात. वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण दाराच्या वरच्या झरोक्यातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतो. तेथे उत्खनन करणारे प्रोफेसर ओकेली यांनी तो १९६७ च्या डिसेंबरमध्ये पाहिला. त्या पहाटे आत बसायला मिळावे म्हणून लॉटरी काढतात. इतर दिवशी मार्गदर्शक सर्व दिवे मालवून एका दिव्याने तो किरण दाखवतात. अंधारात धाकटीने माझा हात घट्ट धरला होता आणि प्रकाशाची रेघ जमिनीवरून सरकत आली तसा तो सैल होत गेला. तिकिटे आधी काढून ठेवावी लागतात, हे लेखात यायला हवे होते.

लेखातून सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सुटली आहे, ती मुलांच्या आसनांची. आयर्लंडमध्ये १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या किंवा ३६ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला त्याच्या मापाचे खास आसन गाडीत असावेच लागते. आम्ही दोन आसने महिनाभर आधी नोंदवली होती. विमानतळावरील गाडी देणाऱ्या कंपनीने एकच काढून दिले आणि मुलगा मोठा दिसतो, त्याला नको, असे तेथील कर्मचाऱ्याने सांगितले. मुलाची उंची १३८ सेंटिमीटर आहे. रात्रभर प्रवास झालेला, भारतीय वेळ साडेचार तास पुढे, दोन्ही मुले सामानावर झोपलेली. अशा वेळी 'राहू द्या, एवढे काय' असे म्हणून निघून जाणे फार सोपे असते. माझे यजमान दीड तास थांबून दुसरे आसन घेऊनच आले. वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की नोंदणीच्या कागदावर दोन्ही मुलांची उंची आणि वजन लिहून द्यावे, आणि उतरल्याच्या दिवशी गाडी हाती न घेता एक रात्र झोप घेऊन मगच निघावे. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १००० रुपये दंड आहे, तरी घोडबंदर रस्त्यावर रोज सकाळी आईच्या मांडीवर, पुढच्या आसनावर बसलेली मुले दिसतात. परत आल्यावर आम्ही आमच्या गाडीत दोन आसने बसवली, आणि ती बसवा म्हणून मुलगाच मागे लागला होता.

खाण्याची चिंता करू नये. भाज्यांचे सूप, सोडा ब्रेड आणि उकडलेले बटाटे लहान गावातही मिळतात. भाजणी आणि मेतकूट नेता येते, पण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. पेयांच्या बाटल्या आणि डबे दुकानातील यंत्रात परत टाकल्यास आकारानुसार १५ किंवा २५ सेंट परत मिळतात. ही योजना २०२४ पासून आहे आणि आमच्या मुलांनी तिच्यातून स्वतःचा खाऊचा खर्च भागवला.

आपल्याला विनंती अशी, की व्हिसासंबंधीच्या दोन्ही दुरुस्त्या त्याच पुरवणीत, त्याच जागी छापाव्यात. मे महिन्याच्या सुटीसाठी व्हिसाचे अर्ज आणि विमानाची तिकिटे घेण्याचे दिवस आता सुरू होत आहेत आणि पुरवणीचे ते पान कापून ठेवणारी घरे आमच्या इमारतीतच मला ठाऊक आहेत. तसेच यापुढे अशा लेखांत दोन गावांमधील अंतर किलोमीटरबरोबर तासांतही द्यावे, आणि ते तास मुलांसाठी वाटेत थांबण्याचा वेळ धरून मोजलेले असावेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पालक आणि नियमित वाचक
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)